कर्ण्यावर पास झालेला आवाज

महेंद्रने शेवटी कंप्युटर घेतला.

हे सांगून झालं. आता ते झालंच नाही असं समजू या. साल अठ्ठ्याण्णव, महिना फेब्रुवारी. महेंद्रच्या खोलीत कंप्युटर नाही. टेबलावर एक डबल टेप डेक आहे, एक छोटा मिक्सर आहे, भिंतीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले आहेत आणि चौदा एप्रिलची जयंती दोन महिन्यांवर आली आहे.

खोली कोल्हारात, नगर-मनमाड रस्त्याला लागून, सूर्यभानच्या पंक्चरच्या दुकानामागं. दारावर ‘संघमित्रा रेकॉर्डिंग सेंटर’ अशी पाटी. रस्त्यावरून दिवसभर ट्रक जात, त्यामुळं दर गाण्यात एखादा हॉर्न यायचाच. महेंद्र जिथं हॉर्न येईल तिथं कोरस घालायचा. तरी एका कॅसेटीतला हॉर्न राहूनच गेला, आणि तो इतका सुरात निघाला की आठवड्याच्या बाजारात लोक ‘ते तुतारीचं गाणं’ म्हणून तीच कॅसेट मागायला लागले. महेंद्रने पुढं तो ट्रक पुष्कळ शोधला.

गायिका मात्र एकच. कडूबाई, महेंद्रची सख्खी आत्या. नवऱ्याच्या मागं माहेरी आलेली, वय पन्नाशीला टेकलेलं, पेरूच्या बागेत राखणीला. आवाज असा भरड आणि भारी की बागेच्या एका टोकाला तिनं नुसतं ‘हाऽऽ’ म्हटलं, की दुसऱ्या टोकाचे पोपट उठून प्रवरेपलीकडं जायचे. मालकाने फटाके लावून पाहिले, बुजगावणं उभं करून पाहिलं, पण पोपटांचा विश्वास फक्त आत्यावर होता.

आत्याला एकच गोष्ट पाहिजे होती. कोल्हारच्या बाहेर, दुसऱ्या तालुक्यात, जिथं तिला कुणी पाहिलेलं नाही अशा ठिकाणी, आवाज ऐकून कुणीतरी म्हणावं की ही कडूबाई. कोल्हारात लोक म्हणायचे. पण कोल्हारातले लोक तिला रस्त्यात पाहूनही म्हणायचे, त्यामुळं ते ती धरत नव्हती.

आता, गाणं रेकॉर्ड झालं म्हणजे कॅसेट तयार झाली असं नसतं. त्यातला आवाज सारखा करावा लागतो, दबलेला वर आणावा लागतो, अंगावर येणारा खाली बसवावा लागतो, आणि मग जी कॅसेट निघते ती मास्टर. पुढच्या सगळ्या कॉप्या त्या मास्टरवरून. कोल्हारात या सगळ्याला ‘कर्ण्यावर पास करणं’ म्हणत. बाबाजानचाचांची मंडप आणि साऊंड सर्व्हिस होती. त्यांच्या गच्चीवर लाऊडस्पीकरचा कर्णा कायमचा बांधलेला. महेंद्र कॅसेट चाचांच्या डेकमध्ये घालायचा, सायकल काढून नदीपलीकडं जायचा आणि तिथून ऐकायचा. शब्द कळला तर पास. नाही कळला तर परत येऊन मिक्सरवरची बटनं फिरवायची, पुन्हा सायकल. एका कॅसेटीला सायकलची दोन टायरं जायची. सूर्यभान या पद्धतीचा समर्थक होता.

पहिल्या वर्षी कर्ण्यावर आत्या म्हशीसारखी आली होती. कर्णा आवाज जड करतो, असं महेंद्रने ठरवलं, आणि आपल्या डेकवरचं वेगाचं बटन जरा पुढं सरकवून कॉपी काढली. आत्या आत्यासारखी आली. त्याने बटनाजवळ नेलपॉलिशची खूण केली, आणि तेव्हापासून सगळ्या कॅसेटी त्याच खुणेवर निघाल्या. घरातल्या टेपवर त्या कॅसेटी लावल्या की आत्याचा आवाज बारीक यायचा, पण घरच्या टेपचा स्पीकरच केवढासा. छोट्या स्पीकरमधून आवाज छोटाच येणार, याबद्दल गावात दुमत नव्हतं. मुंबईच्या कॅसेटी चाचांच्या कर्ण्यावर उलट दमलेल्या वाजायच्या. मुंबईत दगदग फार, असं लोक म्हणायचे.

पण दमलेल्या का असेनात, मोठ्या वाजायच्या. मागच्या जयंतीला मिरवणुकीत दोन गाड्या शेजारी आल्या, एकीवर मुंबईची कॅसेट आणि एकीवर आत्या, आणि आत्याचे फक्त ओठ हलतायत असं वाटायला लागलं. ती गाडीवर नव्हतीच, तरी वाटलं. त्या दिवशी महेंद्रने ठरवलं की पुढच्या वर्षी मास्टर असा काढायचा की समोरची गाडी रस्ता बदलेल. त्यासाठी नवीन काहीतरी घ्यावं लागणार होतं. काय घ्यायचं यावर गावात दोन पक्ष पडले.

चाचा मशीनच्या पक्षात. पुण्यातल्या एका ओळखीच्या साऊंडवाल्याकडून त्यांनी एक काळी पेटी चार दिवसांच्या बोलीवर आणली होती. मोठा आवाज दाबून धरायची आणि मग सगळंच वर उचलायचं, हे तिचं काम. नाव कॉम्प्रेसर. सूर्यभानने लगेच आपल्या दुकानातला देऊ केला. हवा भरून आवाज मोठा होत असेल तर त्याची ना नव्हती. त्याला समजावून परत पाठवण्यात एक दुपार गेली.

संदीप कंप्युटरच्या पक्षात. हा महेंद्रचा वर्गमित्र, लोणीच्या एका कंप्युटर क्लासात शिकवायला होता. त्याच्याकडं एका सीडीवर असं सॉफ्टवेअर होतं की आवाज पडद्यावर हिरव्या डोंगरासारखा दिसायचा. नको तो डोंगर माऊसने धरायचा आणि खाली बसवायचा. महेंद्र आत्याला घेऊन बघायला गेला. क्लासाबाहेर सगळ्यांनी चपला काढल्या. कंप्युटरला व्हायरस होतो असं आत्याने ऐकलं होतं, म्हणून ती पूर्ण वेळ नाकाला पदर लावून बसली. आपल्यामुळं व्हायला नको, एवढीच तिची भावना.

आवाज बघायचा कशाला, ऐकला की पुरे, असं ती सुरुवातीला म्हणाली. मग संदीपने दाखवलं की चूक झाली तर एक बटन दाबून ती परत घेता येते. आत्याने हे तीनदा करून दाखवायला लावलं. झालेली चूक परत घेणारं तिला आजवर घरात, बागेत किंवा सरकारात कुणी भेटलं नव्हतं. ती तिथल्या तिथं कंप्युटरची झाली.

चाचांचा मुद्दा मात्र सोपा होता.

“महिंदर, मशीन बिघडली तर ठोकता येती,” ते म्हणाले. “कंप्युटर ठोकला तर बिघडतो. आपल्याला दुसरं येतंय काय?”

महेंद्रला हे पटलं. त्याला संदीपचंही पटलं होतं. त्याला कुणाचंही पटायचं, हाच त्याच्या धंद्याचा मोठा अडथळा होता. शेवटी असं ठरलं की एकच गाणं दोन्हीकडून काढायचं आणि कर्ण्यावर लावायचं. नेलपॉलिशच्या खुणेवर काढलेली एक कॅसेट चाचांना दिली, तिचीच दुसरी कॉपी संदीपला दिली. संदीपने ती लोणीत आपल्या टेपवर लावून कंप्युटरमध्ये घेतली, दोन दिवस डोंगर बसवले, आणि गादीत गुंडाळलेला कंप्युटर टेम्पोत घालून कोल्हारला आला. टेम्पोत तो स्वतः उभा आणि कंप्युटर बसलेला.

आधी मशीन. चाचांनी कॅसेट आपल्या डेकमध्ये घातली, डेकची वायर पेटीला, पेटीची कर्ण्याला. नदीपलीकडं महेंद्र, आत्या आणि काम नसलेले सगळे. आत्याचा आवाज पाण्यावरून असा आला की घाटावर धुणं धुणाऱ्या दगडाबाईने मागं वळून आत्याला जागा करून दिली, आणि मग तिला आत्या शेजारीच उभी दिसली. पास.

मग कंप्युटर. त्याची वायर सरळ कर्ण्याला जोडली. आणि कर्ण्यातून एक सात-आठ वर्षांची मुलगी गायला लागली. ठसक्यात, न अडखळता, शब्द अगदी स्पष्ट. स्पीकर छोटा म्हणावा तर कर्णा तोच होता.

आत्याने पूर्ण गाणं ऐकून घेतलं.

“मला पोरगी केली,” ती म्हणाली, आणि बागेत निघून गेली. त्या दिवशी पोपटांचे फार हाल झाले.

संदीपने शपथेवर सांगितलं की कंप्युटरला जे दिलं तेच त्याने बाहेर काढलं. त्यावर चाचांनी शांतपणे सांगितलं की मशीनलाही तेच दिलं होतं. याचं उत्तर चाचांच्या डेकमध्ये होतं आणि तिथं कुणी पाहिलं नव्हतं. कंप्युटर गादीत गुंडाळून परत गेला. या वेळी संदीप बसला होता.

मशीन घ्यायचं ठरलं. चाचा पुण्याला कळवणार, त्याच्या आदल्या दिवशी एक जीप येऊन पंक्चरच्या दुकानासमोर थांबली. पंक्चर नव्हतं, म्हणून सूर्यभानने नाइलाजाने ती मागं पाठवली. जीपमधून पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उतरले. श्रीमंत त्यांचं नाव. अकोले तालुक्यातल्या एका गावात जयंती उत्सव समितीचे अध्यक्ष. एप्रिलच्या शेवटी त्यांचा कार्यक्रम होता, आणि संगमनेरच्या बाजारात मिळालेल्या, वर नुसतं ‘कडू’ छापलेल्या कॅसेटी ऐकून डोंगरातली सगळी गावं कडूच्या गाण्यांना वेडी झाली होती. आमंत्रण द्यायला ते स्वतः आले होते.

आत्या खोलीतच होती. पाणी पीत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि पदर सारखा केला. दुसरा तालुका होता, आणि कुणी तिला पाहिलेलं नव्हतं.

श्रीमंतांनी पिशवीतून एक गुलाबी फ्रॉक काढला. फुग्याच्या बाह्या, कमरेला पट्टा, मागं मोठी गाठ. वर चॉकलेटचा पुडा ठेवला.

“पोरगी कुठं हाय? शाळंत गेली का?”

“कोनती पोरगी?” आत्याने विचारलं.

“कडू.”

“मीच कडू.”

श्रीमंतांनी तिच्याकडं पाहिलं, मग फ्रॉककडं पाहिलं, आणि समितीत बरीच वर्षं काढलेल्या माणसासारखं म्हणाले, “जरा आखूड व्हईल.”

महेंद्र त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसला. टेपमध्ये त्याचीच मागल्या वर्षीची कॅसेट होती. त्याने ती चालू केली. तीच मुलगी. रस्त्यावरून एक ओळखीचा जीपवाला चालला होता, त्याला थांबवून त्याच्याही टेपमध्ये लावली. तिथंही तीच. आत्या जीपच्या खिडकीत डोकं घालून ऐकत होती. बराच वेळ ऐकल्यावर तिने विचारलं, “माज्या गान्यात ही कोन घुसली?”

कंप्युटर खरं बोलला होता. मग खोटं कोण बोलतंय हे बघायला महेंद्रने चाचांच्या घरी जाऊन डेक उघडायला लावला. आत जिथं रबरी पट्टा असतो तिथं पांढरं इलॅस्टिक होतं. दुपदरी, कडेने टीप मारलेलं, बारीक आणि सुबक.

“ते परकराचं हाय,” हमिदाचाची आतून म्हणाल्या. “पट्टा तुटला तवा मीच शिवून दिलं. कुनाची तक्रार न्हाई.”

तक्रार कशी असणार. इलॅस्टिक पहिल्यापासूनच सैल होतं, डेक हळू फिरत होता, आणि महेंद्र त्या हळू डेकवर बरं वाटावं म्हणून सगळ्या जिल्ह्यात आत्याला पळवत होता. कोल्हारात ती कडूबाई होती. बाकी महाराष्ट्रात ती दुसरीत होती.

श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठंही अशा वेळी लोक नवा पट्टा बसवतील. कोल्हारातही बसवला. त्याच आठवड्यात एक लग्न होतं. नव्या पट्ट्यावर गाणी अशी सुटली की नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत वरातीची कॅसेट संपली आणि उरलेली वरात लोकांनी गप्प चालून काढली. मुंबईचे गायक अचानक ताजेतवाने झाले, ते कुणाला सहन होईना. गावातल्या मोठ्या माणसांनी चाचांना बोलावून सांगितलं की चार वर्षांत अंगवळणी पडलेलं असं एकदम काढू नये. चाचांनी इलॅस्टिक परत बसवलं. गाव शांत झालं.

या गडबडीत मशीन राहूनच गेलं आणि जयंतीही जुन्याच कॅसेटींवर पार पडली. प्रश्न अकोल्याचा राहिला. श्रीमंतांनी पोस्टर लावून टाकली होती, त्यावर ‘चिमुकली कडू’ असं छापलं होतं, आणि फोटो मिळाला नाही म्हणून गुलाबाचं फूल. त्यांचं म्हणणं पडलं की कॅसेट लावू, एखादी पोर उभी करू, आत्यांनी पडद्यामागं बसावं, मानधनात फरक नाही.

“मी माज्या तोंडानं गानार,” आत्या म्हणाली. “पोरगी पायजे असंल तर तुमी दुसरी बघा.”

श्रीमंत म्हणाले, बरं. त्यांना महेंद्रसारखंच कुणाचंही पटायचं.

एप्रिलच्या शेवटी आत्या जीपने अकोल्याला गेली. स्टेजवर तिला नेलं, समोर डोंगर उतरून आलेली माणसं, पुढं पोरांची रांग, पोरींच्या अंगात कडूसाठी आणला होता तसलेच गुलाबी फ्रॉक. निवेदकाने माईक हातात घेतला, आत्याकडं पाहिलं, श्रीमंतांकडं पाहिलं, आणि प्रसंगावधान राखून जाहीर केलं की आता चिमुकल्या कडूच्या आजी एक गीत सादर करतील.

आत्या गायली. महेंद्र मागं उभा होता. कर्णा होता, पण इलॅस्टिक नव्हतं, मशीन नव्हतं, कंप्युटर नव्हता. आवाज गेला तो सरळ समोरच्या डोंगरावर आदळून परत आला, आणि परत आला तेव्हाही तो आत्याचाच होता. गाणं संपल्यावर लोक उठून टाळ्या वाजवत राहिले. महेंद्रच्या शेजारची एक म्हातारी, आक्काबाई, डोळे पुसत आपल्या सुनेला म्हणाली, “आवाज अगदी नातीवर गेलाय.”

आत्याने माईक सोडला नाही.

“मला नात न्हाई,” ती म्हणाली. “कॅशेटीत गाती ती मीच. वाजवनाऱ्याची चूक हाय, माजी न्हाई.”

लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. ‘नात म्हणजे मीच’ म्हणण्याइतका नातीवर जीव असलेली आजी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. फ्रॉकातल्या पोरी रांगेने येऊन आत्याच्या पाया पडल्या आणि कडूताईला नमस्कार सांगा म्हणाल्या. परत येताना जीप संगमनेरला थांबली. चहा पिऊन आत्या म्हणाली, “जुनं सगळं नीट कर. कशानं बी कर.”

मशीन जुनं नीट करू शकत नव्हतं. ते फक्त मोठं करू शकत होतं, आणि ती मुलगी आधीच पुरेशी मोठी झाली होती. महेंद्रने कंप्युटर घेतला. चाचांना वाईट वाटू नये म्हणून त्याच्यावर चादर टाकून ठेवली आणि टीव्ही आहे म्हणून सांगितलं. चाचा रोज येऊन टीव्हीवर काय चाललंय विचारायचे, आणि महेंद्र बातम्या म्हणायचा.

सगळी जुनी गाणी त्याने एक एक करून आत घेतली आणि आत्याला शेजारी बसवून तिचा वेग तिला परत दिला. आपला आवाज आपल्याच वयाला आलेला ऐकून आत्या पहिल्यांदा हसली. या वेळी तिने नाकाला पदर लावला नव्हता. नव्या मास्टरवरून कॅसेटी काढल्या, वर ‘गायिका : कडूबाई’ असं ठळक छापलं आणि सगळीकडं पाठवल्या.

अकोल्याचा गठ्ठा आठवडाभरात परत आला. श्रीमंतांचा निरोप असा की माल ढिला आहे, पट्टी ताणलेली वाटते, कडूऐवजी सगळीकडं आजीच ऐकू येते, तरी कृपया चांगल्या कॅसेटी द्याव्यात. कोल्हारात चाचांच्या इलॅस्टिकवर तीच कॅसेट लागली तेव्हा कर्ण्यातून एक भारदस्त पुरुष गायला लागला. लोकांना फार आवडला. हा आत्याचा भाऊ असणार, असं ठरलं. तो एवढी वर्षं कुठं होता, याबद्दलही दोन पक्ष पडले.

आत्याने दुसऱ्या दिवशी बागेतून सुट्टी घेतली, महेंद्रला समोर बसवलं आणि अर्ज लिहून घेतला. तो असा :

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय.

विषय : नात व भाऊ यांची नावे कमी करून आवाज एकत्रीकरण करून मिळणेबाबत.

महोदय,

मी अर्जदार कडूबाई बन्सी साळवे, धंदा राखण व गायन, रा. कोल्हार, सविनय अर्ज करते की, माझे नावे सध्या तीन आवाज चालू आहेत. पैकी अकोले बाजूस चालू असलेला मुलीचा आवाज व कोल्हार येथील कर्ण्यावर चालू असलेला पुरुषाचा आवाज यांचेशी माझा कसलाही संबंध नसून दोन्ही मीच आहे. सदर मुलगी व सदर पुरुष यांची नावे आमचे रेशनकार्डात कधीही नव्हती, तरी ती कमी करण्यात यावीत. तसेच मधला आवाज हाच मूळ आवाज असलेबाबत मोक्यावर येऊन, समक्ष ऐकून, पंचनामा व्हावा व तसा शिक्क्यानिशी दाखला मिळावा. पंच म्हणून बागेतील पोपट हजर राहतील. सदर दाखला जिल्ह्यातील सर्व टेप, जीप, कर्णे व जयंती समित्यांवर बंधनकारक करण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
कडूबाई बन्सी साळवे
(अंगठा दिलेला नाही, सही करता येते.)